परमुलखात विमानतळावरून गाडी बोलावताना

श्रोतेहो, गेल्या वर्षी आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींना परदेशी जाण्याचा योग आला. साऱ्या नोकरीचा काळ सातारा जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांत गेलेला. लांबचा प्रवास म्हणाल तर एकदा आगगाडीने केलेली काशीयात्रा, तेवढाच. मुलगी आणि जावई मात्र मलेशियात, क्वालालंपूर शहरी. मुलगी बाळंत व्हायची होती म्हणून गुरुजी आणि त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सारे काकू म्हणतो, तिकडे निघाले. जावई विमानतळावर घ्यायला येणार असे ठरले होते. पण निघण्याच्या आदल्या दिवशी फोन आला. मुलीला दवाखान्यात ठेवावे लागले होते. जावई म्हणाले, "बाबा, मला इथून हलता येणार नाही. तुम्ही ॲपवरून गाडी करा आणि थेट दवाखान्यात या. आईंना सांगा, काळजी करू नका."

गुरुजी संध्याकाळी माझ्याकडे आले. मोबाईल पुढे धरून म्हणाले, "सगळं कळलं. पण एक सांगा, गाडी करायची म्हणजे बोलायचं कुणाशी?"

प्रश्न अगदी बरोबर होता. आपण एस.टी. स्टँडवर उतरतो, रिक्षावाल्याशी बोलतो, भाव करतो, जमले नाही तर दुसऱ्याकडे जातो. बोलता बोलता माणूस कसा आहे याचाही अंदाज येतो. ॲपच्या गाडीत हे बोलणे जवळजवळ उरलेले नाही. त्याच्या जागी वाचणे आले आहे. कुठून निघायचे ते वाचायचे, भाडे किती ते वाचायचे, आणि शेवटी गाडीचा नंबर वाचायचा. ज्याला हे तीन प्रकारचे वाचन नीट जमले, त्याला परक्या देशात भाषा येत नसली तरी फारसे अडत नाही. आणि ज्याने शेवटचे वाचन टाळले, त्याला उत्तम इंग्रजी येत असूनही तो फसू शकतो.

आता हे ॲप म्हणजे काय प्रकरण आहे, ते आधी पाहू. पूर्वी बाजारच्या गावी टांग्यांचा अड्डा असे. तिथे एखादा जाणता माणूस बसलेला असायचा. कोणता टांगा मोकळा आहे, कोण कुठे गेला आहे, हे त्याला ठाऊक. गिऱ्हाईक आले की तो हाक मारून टांगा लावून द्यायचा. ॲप हा असाच अड्ड्यावरचा माणूस आहे. फरक इतकाच, की त्याचा अड्डा सबंध शहरभर पसरलेला आहे. तुमचा मोबाईल त्याला कळवतो की मी अमुक ठिकाणी उभा आहे. गाडीवाल्यांचे मोबाईलही आपापली जागा कळवत असतात. ॲप जवळची मोकळी गाडी शोधते, तिच्या चालकाला विचारते, त्याने होकार दिला की तुम्हाला गाडीचा नंबर, रंग, चालकाचे नाव आणि फोटो दाखवते. भाडे तुम्ही गाडी बोलावण्यापूर्वीच पडद्यावर दिसते. घासाघीस नाही आणि हुज्जतही नाही.

मोबाईलला स्वतःची जागा कळते ती आकाशातल्या उपग्रहांमुळे. जी.पी.एस. या नावाची ही अमेरिकन व्यवस्था. तिचा पहिला उपग्रह १९७८ साली सोडला गेला आणि १९९५ साली ती पूर्णपणे कामाला लागली. हे उपग्रह जमिनीपासून सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरतात. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की मोबाईल आपली जागा गणिताने काढतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा. विमानतळावर होणाऱ्या घोटाळ्याचे मूळ इथेच आहे. त्याच्याकडे आपण पुढे येऊ.

अशा सेवा सगळीकडे एकाच नावाच्या नाहीत. उबर ही कंपनी २००९ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे निघाली. आपल्या देशातली ओला २०१० साली मुंबईत सुरू झाली. मलेशियात चालते ती ग्रॅब. अँथनी टॅन आणि टॅन हुई लिंग या दोघांनी २०१२ साली क्वालालंपूरमध्ये ती 'मायटेक्सी' या नावाने सुरू केली. बायकांना रात्रीअपरात्री टॅक्सीत निर्धास्त बसता यावे, हा तिच्यामागचा एक हेतू होता. पुढे २०१८ साली उबरने आग्नेय आशियातला आपला धंदा ग्रॅबच्या हवाली केला आणि तिथून काढता पाय घेतला. म्हणजे पुण्यात ज्या उबरवर तुम्ही रोज गाडी बोलावता, ती क्वालालंपूरला उतरल्यावर उपयोगाची नाही. गुरुजींच्या मोबाईलवर मुलाने तीच घालून दिली होती. म्हणून पहिला धडा हा, की ज्या देशात जायचे तिथे कोणती सेवा चालते, याची चौकशी घरी असतानाच करावी.

दुसरा धडा ओटीपीचा. नवे ॲप सुरू करताना ते तुमच्या मोबाईल नंबरावर एक आकडा पाठवते आणि तो भरायला सांगते. हा आकडा येतो तुमच्या भारतातल्या सिमवर. परदेशात उतरल्यावर ते सिम चालू नसेल, किंवा काढून तिथले सिम घातले असेल, तर आकडा येणार कुठून? पुष्कळ माणसे नेमकी इथे अडतात. म्हणून ॲप गावीच उतरवून घ्यावे, नाव-नंबर भरावा, ओटीपी टाकून मोकळे व्हावे. ही सेवा या भागात नाही, असे ॲपने सांगितले तर घाबरू नये. ते खरेच आहे, सेवा तिकडे आहे. तिथले सिम घेणार असाल तर दोन सिमांचा मोबाईल असलेला बरा, म्हणजे आपला जुना नंबर जागेवर राहतो.

तिसरा धडा पैशांचा. आपल्या बँकेचे कार्ड जवळ असले म्हणजे ते परदेशात चालतेच असे नाही. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२० पासून असा नियम केला, की नवे कार्ड सुरुवातीला देशातल्याच वापरासाठी खुले असावे आणि परदेशातला वापर खातेदाराने स्वतः सुरू करून घ्यावा. नियम आपल्या रक्षणासाठीच आहे, पण माहीत नसेल तर फजिती होते. निघण्यापूर्वी बँकेत जाऊन किंवा बँकेच्या ॲपवर हा वापर सुरू करून घ्यावा. शिवाय थोडे रोख रिंगिट जवळ ठेवावेत. रिंगिट हे मलेशियाचे नाणे. तिथे ग्रॅबच्या गाडीत रोख पैसेही देता येतात. मात्र तसे गाडी बोलावतानाच ॲपवर निवडावे लागते. आणि नोटा लहान असाव्यात.

चौथी गोष्ट पत्त्याची. गुरुजींनी दवाखान्याचा पत्ता जावयाकडून मोबाईलवर मागवला आणि काकूंनी तो कागदावर मोठ्या अक्षरांत उतरवला. गुरुजी हसले, "अगं, मोबाईलमध्ये आहे की!" काकू म्हणाल्या, "मोबाईल मिटला म्हणजे?" बॅटरी संपण्याला आपल्याकडे मोबाईल मिटणे म्हणत नाहीत, पण मुद्दा बरोबर होता. एकाच नावाचे दवाखाने आणि इमारती शहरात दोन-दोन असतात. पत्ता संपूर्ण असावा, कागदावर असावा, आणि ॲपमध्ये भरल्यावर कागदाशी ताडून पाहावा.

आता विमानतळावर जाऊ. क्वालालंपूरचा मोठा विमानतळ शहरात नाही. तो सेपांग या गावी, शहरापासून पन्नासपंचावन्न किलोमीटरवर आहे. १९९८ साली तो सुरू झाला. त्याच्या इमारती दोन, टर्मिनल एक आणि टर्मिनल दोन. दुसरी इमारत २०१४ साली उघडली. दोहोंच्या मध्ये आगगाडीने तीन मिनिटांचे अंतर आहे, म्हणजे सामान घेऊन चालत जाण्यासारखे नाही. आपण एका इमारतीत आणि गाडी दुसरीकडे, असे झाले की चालक ताटकळतो, काही मिनिटांनी थांबण्याचे पैसे चढू लागतात, आणि शेवटी फेरी रद्द होते.

आता तुम्ही म्हणाल, उपग्रह सांगतो ना जागा? इथेच ती मघाची गोष्ट येते. उपग्रहाचे संदेश फार क्षीण असतात. उघड्या आकाशाखाली ते नीट मिळतात. पण विमानतळाच्या छपराखाली, लोखंड आणि काँक्रीट यांच्या थरांमध्ये, ते अडतात किंवा भिंतींवर आपटून वाकडेतिकडे पोचतात. शिवाय विमानतळ म्हणजे एकावर एक रचलेले रस्ते. येणाऱ्यांचा मजला वेगळा, जाणाऱ्यांचा वेगळा, आणि प्रत्येक मजल्याला गाड्या लागतात. नकाशावर हे सारे मजले एकाच ठिपक्यात दिसतात. तुम्ही वर आहात की खाली, हे त्या ठिपक्यावरून चालकाला कळत नाही. म्हणून विमानतळावर ठिपक्यावर विसंबून राहू नये. ॲप तिथे टर्मिनल कोणते आणि दार कितवे, ते निवडायला सांगते. ते स्वतः वाचून निवडावे. टर्मिनलचा आकडा तिकिटावर असतो, दाराचा आकडा दारावर लिहिलेला असतो.

यातून एक साधा नियम निघतो. सामान हाती आल्याशिवाय गाडी बोलावू नये. आधी पासपोर्टची रांग, मग पेट्या, मग ॲपच्या गाड्या जिथे लागतात त्या दारापाशी जाऊन उभे राहावे, आणि मग बटण दाबावे. विमानतळावर फुकट वाय-फाय मिळते, पण दाराबाहेर गेल्यावर ते टिकेलच असे नाही, म्हणून आतच उभे राहून बोलवावी. पेट्या मोठ्या असतील तर सहा आसनांची गाडी निवडावी. चार आसनांच्या लहान गाडीत दोन माणसे आणि चार पेट्या मावत नाहीत.

पाट्या वाचण्याची भीती बाळगू नका. मलय भाषा तिथे रोमन अक्षरांत लिहितात आणि विमानतळावर जोडीला इंग्रजीही असते. टॅक्सीला ते 'तेक्सी' म्हणतात. आणि शिक्षक बंधुभगिनींनो, तुम्हाला ऐकून बरे वाटेल, मलय भाषेत शिक्षकाला 'गुरु' म्हणतात. भाषेला 'बहासा', नावाला 'नामा', भूमीला 'बुमी'. शेकडो वर्षांपूर्वी संस्कृतातले हे शब्द समुद्र ओलांडून तिकडे गेले आणि तिथेच नांदले. धन्यवाद म्हणायचे असेल तर 'तरीमा कासीह' म्हणावे. ते 'कासीह', म्हणजे माया, त्यांचे स्वतःचे.

आमचे गुरुजी रात्री उतरले. पेट्या घेऊन बाहेरच्या दालनात आले, तोच एक नीटनेटक्या कपड्यातला माणूस मोबाईल हातात धरून पुढे झाला. "ग्रॅब, सर? ग्रॅब?" गुरुजींना हायसे वाटले. आपण बोलावलेली गाडीच आली, अशी त्यांची समजूत झाली. त्या माणसाने ढकलगाडीला हातही लावला. काकूंनी ढकलगाडी सोडली नाही. त्यांनी गुरुजींना विचारले, "नंबर काय आला होता?" गुरुजींनी मोबाईल पाहिला. गाडी अजून बोलावलेलीच नव्हती! नंबर येणार कुठून? तो माणूस म्हणतच होता, तीच कंपनी, तेच भाडे, गाडी इथेच उभी आहे. दोघांनी मान हलवली आणि ते चालू लागले.

अशा दलालांना तिथले लोक 'उलात' म्हणतात. उलात म्हणजे अळी. पिकावरची अळी जशी हिरव्या पानात दिसत नाही, तसा हा माणूस गर्दीत दिसत नाही, हे शेतकऱ्याला निराळे सांगायला नको. एक खूण पक्की लक्षात ठेवा. ॲपची गाडी तुमच्याकडे चालत येऊन गिऱ्हाईक शोधत नाही. तुम्ही बोलावल्याशिवाय ती येत नाही. दालनात येऊन जो ॲपचे नाव घेतो, तो ॲपचा नव्हे.

मग गुरुजींनी दाराशी जाऊन गाडी बोलावली. पडद्यावर नंबर उमटला, तो काकूंनी पत्त्याच्या कागदावर लिहून घेतला. आपल्याकडे एम.एच. ११ म्हटले की सातारा, तशी तिथेही अक्षरांची पद्धत आहे. डब्ल्यू किंवा व्ही असेल तर गाडी क्वालालंपूरची, बी असेल तर शेजारच्या सेलांगोर राज्याची. गाडीची जातही वाचून ठेवावी, कारण तिथल्या पुष्कळ गाड्या त्यांच्या देशातल्याच, प्रोटॉन आणि पेरोदुआ या नावांच्या असतात. आपल्याला त्या चेहऱ्याने ओळखू येत नाहीत.

गाडी आली. नंबर अक्षरांसकट जुळला. तरी बसण्यापूर्वी एक गोष्ट करायची असते. आपण होऊन आपले नाव सांगायचे नाही. चालकालाच विचारायचे, कुणाला न्यायला आलात? ॲपने त्याला तुमचे नाव कळवलेले असते, ते त्याने सांगितले पाहिजे. आपणच नाव सांगितले तर कोणीही 'हो, हो' म्हणेल.

मंडळी, हा नुसता सावधपणाचा सोस नाही. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेत, साउथ कॅरोलायना राज्याच्या कोलंबिया शहरी, महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी रात्री आपल्या उबरची वाट पाहत उभी होती. समोर येऊन थांबलेली गाडी आपलीच समजून ती बसली. गाडी तिची नव्हती. त्या मुलीचा खून झाला. त्याच वर्षी त्या राज्याने कायदा करून अशा गाड्यांच्या पुढच्या बाजूलाही नंबर दिसलाच पाहिजे, असे ठरवले. मलेशियानेही २०१९ पासून ॲपच्या गाड्यांच्या चालकांना प्रवासी वाहनाचा वेगळा परवाना सक्तीचा केला आहे. कायदे झाले, परवाने आले, मोबाईलही हुशार झाला. पण गाडीचे दार उघडण्यापूर्वी नंबर वाचण्याचे काम कायदा करू शकत नाही आणि मोबाईलही करू शकत नाही. ते आपणच करायचे.

गाडीत बसल्यावर पट्टा लावावा. मलेशियात मागे बसणाऱ्यालाही तो २००९ सालापासून सक्तीचा आहे. ॲपमध्ये आपला प्रवास दुसऱ्याला दाखवण्याची सोय असते. ते बटण दाबले की घरच्या माणसाला आपली गाडी नकाशावर चालताना दिसते. गुरुजींनी जावयाला तसे पाठवले. दवाखान्यात बसल्या बसल्या त्यांना सासू-सासरे कुठवर आले ते कळत होते. चालकाला मराठी येत नाही, आपल्याला मलय येत नाही, तरी ॲपमध्ये लिहिलेल्या निरोपाचे भाषांतर होते. रस्त्यात टोल लागतात. ते दाखवलेल्या भाड्याच्या वर असतात, त्यावरून चालकाशी वाद घालू नये. भाड्याची पावती ॲपमध्ये राहते. एखादी वस्तू गाडीत विसरली तर तीच पावती कामी येते. संकट आले तर मलेशियात पोलिसांसाठी ९९९ हा नंबर आहे.

आणि गाडी मिळालीच नाही तर? तरी हातपाय गाळायचे कारण नाही. विमानतळावरून शहराच्या मध्यवर्ती स्टेशनाला, के.एल. सेंट्रलला, थेट आगगाडी आहे. पहिल्या टर्मिनलवरून ती अठ्ठावीस मिनिटांत पोचवते. तिथून शहरातले ठिकाण जवळ पडते आणि गाडीही सहज मिळते. परक्या मुलखात जाताना दुसरी वाट माहीत असावी, म्हणजे पहिल्या वाटेवर मन घाबरे होत नाही आणि कोणाच्या गोड बोलण्याला माणूस भुलत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. गावोगावची मुले आज शिकायला आणि नोकरीला दूरदेशी जात आहेत, आणि त्यांच्यामागे आईबापही जात आहेत. गावात एखादे जोडपे निघाले असेल तर त्यांना एक संध्याकाळ द्या. फळ्यावर गाड्यांचे पाच नंबर लिहा, त्यांत एखादेच अक्षर किंवा एकच आकडा वेगळा ठेवा, आणि कागदावरच्या नंबराशी जुळणारा कोणता, ते शोधायला लावा. चौथीतल्या मुलांनाही हा खेळ आवडेल. नुसते शेवटचे आकडे पाहून हात वर करणारे किती निघतात, ते तुम्हालाच दिसेल.

गुरुजी आणि काकू त्या रात्री तासाभरात दवाखान्यात पोचले. जावई दारातच उभे होते. पहाटे नात झाली. सकाळी मला फोन आला तो काकूंचा. आधी नातीचे वजन सांगितले, मग म्हणाल्या, "तो नंबराचा कागद टाकला नाही हं मी. येताना पुन्हा लागेल."

मी म्हटले, "काकू, येताना गाडी वेगळी, नंबरही वेगळा असेल."

"ते मला कळतं हो," त्या म्हणाल्या, "पाठीमागची बाजू कोरी आहे ना!"